खान्देशातून वसईला नाताळासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात आमच्या खोलीत एक वसईकर होता. चार वर्षं त्याने आमच्या डब्यातली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि शेवटच्या वर्षी म्हणाला, "आता तुम्ही या, नाताळाला." तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडची आम्ही पाच-सात टाळकी डिसेंबरात वसई गाठतो. दर वर्षी एखादं नवं माणूस सोबत येतं आणि फोनवर तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. या वेळी उत्तरं लिहूनच ठेवली. फोन करण्याआधी वाचा, भो.

नाताळ आपल्याकडे होत नाही का? त्यासाठी वसई कशाला?

होतो की. नवापूर तालुक्यात गावोगाव ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं आहेत. भुसावळला रेल्वेमुळे जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. नंदुरबारकडच्या कुणाला नुसता नाताळ बघायचा असेल तर समुद्रापर्यंत जायची गरज नाही. आम्ही वसईला जातो कारण आमचा माणूस तिथे आहे. तो उद्या पाचोऱ्याला राहायला आला तर आम्ही पाचोऱ्याला जाऊ.

मग गोवा का नाही? भुसावळहून थेट गाडी आहे.

आहे. गोवा एक्सप्रेस पुणे-मिरजमार्गे जाते आणि मंगला एक्सप्रेस कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेने. पण नाताळाच्या आठवड्यात गोव्यात पाहुणा कमी आणि गिऱ्हाईक जास्त व्हायला होतं. एकदा गेलो, किनाऱ्यावर बसायला खुर्चीचे पैसे दिले, परत आलो. ज्याला गोवाच हवा त्याने खुशाल जावं, फक्त या पानावरची उत्तरं तिथे फारशी कामाची नाहीत.

तिकडे थंडी असते का? स्वेटर घ्यायचं?

आपल्याकडे डिसेंबरात दुपारी ऊन असतंच, खरा फरक पडतो रात्री. जळगावला पहाटे पारा दहा-बारावर येतो, लाट आली तर त्याच्याही खाली. वसईला रात्र विशीच्या आतबाहेर असते आणि हवा दमट. म्हणून स्वेटर फक्त प्रवासापुरतं. मनमाड-नाशिकचा पट्टा पहाटे चांगलाच गारठवतो. तिथे पोहोचल्यावर सुती कपडे, एक बरा जोड आणि एक मळवायचा जोड पुरतो. मागे एकाने कानटोपी घालून समुद्र पाहिला. त्याचा फोटो अजून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

किती दिवसांची रजा टाकू?

२३ ला रात्री निघणं, २४ आणि २५ तिथे, २६ ला परत. आपल्याकडच्या शाळांना आणि कचेऱ्यांना सुट्टी २५ ची एकच, म्हणून २४ ची रजा लागतेच. २०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी येतो, त्यामुळे शनिवार-रविवार जोडून मिळतील. ज्यांना सणाच्या दिवसाची गर्दी नको त्यांनी २६ नंतर यावं. घरोघरचे आणि चौकाचौकातले गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, लगेच मोडत नाहीत. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत दिवस नाताळाचेच असतात.

रेल्वेने कसं जायचं?

दोन वाटा आहेत.

जळगाव-भुसावळकरांनी मुंबईची कुठलीही गाडी धरावी. कल्याण साडेपाच-सहा तासांत येतं. तिथून दादरला जाऊन पश्चिम रेल्वेची विरार लोकल. पण २३ किंवा २४ ला संध्याकाळी, हातात वांग्यांचं खोकं (ते कशाला, पुढे येईल) घेऊन दादरला विरार फास्टमध्ये चढायचा विचार करू नका. ते काम आपलं नाही. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी लवकर पोहोचायचं. त्या वेळी गर्दी मुंबईकडे वाहत असते आणि आपण उलट्या दिशेने निवांत बसून जातो. दिवा-वसई मार्गावर मेमू आहे, पण फेऱ्या मोजक्याच. वेळ जुळली तर ठीक, तिच्यावर विसंबून निघू नका.

अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांनी मनमाडच्या नादी लागू नये. भुसावळ-नंदुरबार-सुरत मार्गाने मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या वसईच्या अंगणातूनच जातात. बोरिवलीला उतरायचं आणि उलट विरारकडची लोकल पकडायची.

स्टेशनचं नाव वसई रोड. वसई गाव आणि किल्ला तिथून पश्चिमेला काही किलोमीटर आत. पूर्वेला उतरलात तर कारखान्यांमध्ये फिरत बसाल.

तिकीट कधी काढायचं?

नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे. २३ डिसेंबरचं तिकीट २४ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडतं. गडी लोक दिवाळीच्या गडबडीत विसरतात आणि मग तत्काळच्या रांगेत देव आठवतो. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला.

गाडी काढली तर?

धुळे, मालेगाव, नाशिक, इगतपुरी, भिवंडी, मग चिंचोटी, मग वसई. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. आमणे भिवंडीजवळच आहे. खरा वेळ जातो तो भिवंडी ते चिंचोटी. कंटेनर, खड्डे आणि पुन्हा कंटेनर. घरून निघताना "सहा तासांत पोहोचतो" असं वसईच्या यजमान काकूंना कळवू नका, त्या जेवायच्या थांबतात.

एक गंमत सांगून ठेवतो. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट चालू आहे, तीत गाडीसकट खाडी पार होते. आपल्या कामाची नाही, पण तापी सोडून दुसरं पाणी न पाहिलेल्या पोरांना एक फेरी मारून आणा.

तिथले ख्रिस्ती लोक मराठी बोलतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी आमच्या वसईकराचा चेहरा बघण्यासारखा होतो. अरे, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, मराठीत होते, भजनं मराठीत असतात, भांडणंही मराठीतच. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. घरात मात्र सामवेदी म्हणजे कादोडी किंवा वाडवळी चालते. ती पहिल्या दिवशी आपल्याला निम्मी कळते. आपली अहिराणी त्यांना तेवढीही कळत नाही, त्यामुळे हिशेब बरोबर. "माले नको, पोट भरनं" हे त्याच्या घरच्या आजींना चौथ्या वर्षी समजायला लागलं, आणि समजूनही त्या वाढतातच.

नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. "नाताळच्या शुभेच्छा" म्हणा, हात जोडा, झालं. मोठ्यांना काका, काकू, आजी. आडनाव लोपीस असलं म्हणून अंकल-आंटी सुरू करायची गरज नाही.

जाताना काय न्यायचं?

केक नेऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही जळगावच्या बेकरीतून केक नेला होता. ज्या घरात आठ दिवसांपासून फराळाचे डबे भरले जात होते, तिथे आमचा तो केक फ्रिजमध्ये गुपचूप बसून राहिला.

न्यायची ती वांगी. आपली भरताची हिरवी वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामही डिसेंबरचाच. वांगी कपड्यात गुंडाळून खोक्यात घालायची, पिशवीत एकमेकांवर आदळू द्यायची नाहीत. सोबत कळण्याचं पीठ, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि घाण्याचं तेल.

अडचण फक्त पऱ्हाट्यांची. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगं भाजतो, वसईला कपाशी कुठून आणणार? गॅसवर भाजून पाहिलं, चव येईना. मग वाळलेल्या झावळ्या आणि करवंट्या पेटवल्या. झावळी भडकते आणि लगेच विझते, करवंटीचा निखारा टिकतो. दोन्ही मिळून काम होतं. धुराचा वास जरा वेगळा लागतो. आमच्यातला भालोदचा लेवा गडी पहिल्यांदा नाक मुरडत होता, आता म्हणतो यात खोबऱ्याची चव उतरते. उतरत नाही. पण त्याला तसं वाटतं तर वाटू द्या. भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, घालून कुटायची आपली पद्धत बघायला शेजारची चार घरं जमतात, आणि २४ च्या दुपारचं जेवण भरिताचं, हे आता ठरूनच गेलंय.

केळीचे वेफर्स नेले तरी चालतात, पण त्यावर टोमणा ऐकायची तयारी ठेवा. तो पुढे सुकेळीच्या प्रश्नात येईल.

आम्ही माळकरी. आमचं काय?

आधी कळवा, एवढंच. काकूंकडे वाल, भाज्या, भात, सोलकढी सगळं असतं. पाहुण्याला उपाशी ठेवणारं घर नाही ते. तीन गोष्टी मात्र विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. केकमध्ये अंडं असतंच, आणि प्लम केकमधली सुकी फळं बहुधा रममध्ये भिजवलेली असतात. फुग्यांच्या पिठात बऱ्याच घरी अंडं घालतात. कलकलं, म्हणजे तळलेला शंखाच्या आकाराचा गोड खाऊ, काही घरी अंड्याची, काही घरी बिनअंड्याची. न्युऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, त्या बहुतेक वेळा निर्धास्त खाता येतात.

आणि खाणाऱ्यांचं?

खाणाऱ्यांची दिवाळी. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, आतून पोकळ. ते रश्शात बुडवून खायचे. मसाला वेगळा असतो. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस भाजून-कुटून बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नावच बाटली मसाला. आपल्या काळ्या मसाल्याची सवय असलेल्याला तो सौम्य वाटतो, आणि तिसऱ्या वाढीला घाम फुटतो. व्हिनेगर घातलेलं मांस बहुधा डुकराचं असतं. आमच्या गटातला एक मित्र ते खात नाही, दुसऱ्याला चालतं पण घरी कळायला नको. दोघांनीही आधी सांगितलं आणि दोघांचीही वेगळी भांडी निघाली. आयत्या वेळी ताटावर बसून तोंड वाकडं करण्यापेक्षा हे बरं.

मासे? ताजे, भरपूर, आणि काटा काढायला कुणी मदत करणार नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. रात्री चर्चमध्ये जाता येतं का?

येतं. कुणी अडवत नाही, उलट सरकून जागा देतात. पण तो कार्यक्रम नाही, प्रार्थना आहे, हे डोक्यात ठेवून जा.

२४ च्या रात्रीची मिस्सा नेमकी कधी सुरू होणार ते गावागावानुसार बदलतं. "मध्यरात्रीची" म्हणत असले तरी पुष्कळ ठिकाणी बाराच्या आधीच सुरू होते. वेळ यजमानाला विचारा आणि अर्धा तास आधी पोहोचा. वसईत गर्दी एवढी होते की माणसं मैदानात खुर्च्या टाकून बसतात. पापडीचं कॅथेड्रल, निर्मळ, नंदाखाल, गिरीज, जिकडे यजमान नेईल तिकडे. आपण निवडत बसायचं नाही.

सगळे उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकायची वेळ येते तेव्हा नुसतं शांत बसलात तरी चालतं. एका टप्प्यावर सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात, ती शांतीची खूण. तेव्हा गोंधळू नका, तुम्हीही हात जोडा. पुढे लोक ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांगेत उभे राहतात. त्या रांगेत आपण जायचं नाही. ते देवळातल्या प्रसादासारखं सगळ्यांसाठी नसतं, ज्यांनी दीक्षा घेतली आहे त्यांच्यासाठीच असतं. आमच्यातला एक जण पहिल्या वर्षी "प्रसादाला नाही म्हणू नये" या आपल्या संस्काराने उभा राहिला होता. आजींनी मागून सदरा ओढून खाली बसवला. नंतर घरी त्याच आजींनी त्याच्या हातावर चार कलकलं जास्तीची ठेवली.

घरातल्या गोठ्यात २४ च्या रात्रीपर्यंत बाळ येशूची जागा रिकामी असते. बाळ हरवलंय असं समजून शोधाशोध करू नका. हेही घडलेलं आहे.

फोटो काढायचे तर मिस्सा संपल्यावर. कॅमेऱ्याचा झोत धर्मगुरूंच्या तोंडावर मारणारा पाहुणा आमचा नाही.

समुद्रात पोहायचं का?

तापीत डुंबलोय म्हणून समुद्र येतो असं नाही. वसईचा किनारा सपाट आहे, कुठे वाळू, कुठे चिखल, आणि पाणी लांबवर आत-बाहेर होतं. उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो. ओहोटीला दूर गेलेलं पाणी बघून माणूस चालत आत जातो आणि परत येताना मागच्या खळग्यात पाणी भरलेलं असतं.

कोळ्यांचं गणित सोपं आहे आणि घरातल्या कॅलेंडरवर जमतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. दिवसातून दोनदा हे चक्र, आणि रोज पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. २०२६ चा नाताळ पौर्णिमेला लागून येतोय, तेव्हा उधाणच असणार. भरती दुपारी बाराच्या आगेमागे. अंदाजासाठी हे पुरे, पाण्यात उतरायचं तर स्थानिक माणसाला विचारूनच.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मी शहाणपणा करून गाडी वाळूवर घेतली. ओल्या वाळूत मागची चाकं रुतली, आणि आपल्या शेतातल्या चिखलात जे करतो तेच केलं, जोरात रेस दिली. गाडी ॲक्सलपर्यंत बसली. किनाऱ्यावरच्या कळंब गावचे दहा-बारा लोक, दोन फळ्या आणि एक दोर, तेव्हा पाणी चाकांना लागता लागता बाहेर निघाली. खाऱ्या पाण्याने पत्र्याचं जे झालं ते अजून दिसतं. गाडी रस्त्यावर लावा आणि चालत जा.

दारू?

घरी केलेली वाइन समोर आली आणि घ्यायची असली तर घ्या, नसली तर नाही म्हणा, कुणाला राग येत नाही. घेऊन पाण्यात जायचं नाही आणि गाडीला हात लावायचा नाही. यावर चर्चा नाही.

किल्ला बघण्यासारखा आहे का?

आहे, अर्धा दिवस काढा. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. आत पडक्या चर्चच्या उंच भिंती आणि कमानी आहेत, वर पिंपळ उगवलेले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया इथलेच. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना मारलं गेलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. आमचा वसईकर हा किल्ला दाखवताना चिमाजी अप्पांबद्दलही अभिमानाने सांगतो आणि गोन्सालोंबद्दलही. आपण नुसतं ऐकायचं.

सुकेळी म्हणजे काय? आपल्या केळीपेक्षा चांगली?

हाच तो टोमणा. पिकलेली राजेळी केळी सोलून काही दिवस उन्हात वाळवतात आणि वाळलेल्या केळीच्या पानात बांधतात. रंग मधासारखा, चव त्याहून गोड. जळगावची ग्रँड नैन अशी वाळवायला गेलं तर साधत नाही, दोघांनी करून पाहिलंय. "तुमच्याकडे ट्रकने केळी, आमच्याकडे चवीने," असं वसईकर म्हणतो. आपण म्हणायचं, "मग ट्रकभर सुकेळी दे." त्याला ते जमत नाही. राजेळीच्या बागाच आता कमी उरल्यात.

मिळाली तर घरी न्या, पण महाग पडते.

ऐन वेळी थंडीची लाट आली तर?

रावेर-यावलकडच्यांचा हा खरा प्रश्न, आणि त्यावर हसू नका. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड फुगत नाही. रात्री पाणी द्यावं लागतं, बांधावर ओला पाला पेटवून धूर करावा लागतो. घरी दुसरं कुणी नसेल तर येऊ नका. एक वर्ष आमचा रावेरचा मित्र निघता निघता थांबला. त्या रात्री मिस्सेनंतर साडेबाराला आम्ही त्याला व्हिडिओ कॉल लावला. इकडे दिव्यांच्या माळा आणि बँड, तिकडे तो डोक्याला मफलर बांधून मोटारीपाशी. काकूंनी त्याचा वाटा डब्यात घालून दिला. रावेरला पोहोचेपर्यंत त्यातला अर्धाच उरला होता, आणि ते कुणी खाल्लं हे या पानावर लिहिणार नाही.

आई-वडिलांना आणता येईल?

हो. माझी आई दोनदा आली. तिथल्या आजीचं लाल लुगडं आणि आईचं नऊवारी यावर दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते आम्ही किल्ला बघून परतलो तरी चालूच होतं.

हॉटेलवर राहिलो तर?

राहा. नाताळात खोल्या लवकर भरतात, त्यामुळे तिकिटासोबतच ठरवा. पण जेवायला घरीच यायचं, नाहीतर काकू विचारतील आणि उत्तर मला द्यावं लागेल.

वसईकर आपल्याकडे येतात का?

येतात. एकदा हौसेने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावलं. झोके, गाणी, खापरावरचे मांडे, सगळं दाखवायचं होतं. मे महिन्याचं जळगाव त्यांनी एक दिवस सोसलं, दुसऱ्या दिवशी काका कूलरसमोरून उठेनात. आता जानेवारीत येतात, शेतात भरीत पार्टीला, पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या. काकांनी भरीत खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाले, "चांगलं आहे, पण झावळीवर जास्त छान होतं." भालोदचा गडी त्या दिवसापासून त्यांचा चेला आहे.

या वर्षी गाडीत जागा आहे?

सातांची गाडी, सहा ठरलेत. सातव्याने वांग्यांचं खोकं मांडीवर घेऊन बसायचं, नाशिकपर्यंत तरी.